दुसरी कढई

मार्चमधल्या संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास वाशिमच्या बाजारात वेगळीच घाई असते. रोजा सोडायला पाव तास उरलेला असतो. कुणी खजुराचा पुडा घेऊन निघालेला असतो, कुणी कलिंगडाच्या फोडी, कुणाच्या हातात गरम भज्यांचा कागद. मगरिबची अजान झाली की दिवसभराचा निर्जळी उपवास खजूर आणि पाण्याने सुटतो. त्याला इफ्तार म्हणतात. पण बाजारातली घाई खजुरासाठी नसते, ती खजुरानंतर दस्तरखानावर येणाऱ्या पदार्थांसाठी असते. भजी, समोसे, दहीवडे, फ्रूट चाट ही त्यातली जुनी मंडळी. गेल्या काही वर्षांत त्यांच्या पंगतीत दोन नवे पाहुणे येऊन बसले आहेत. एक फ्रेंच फ्राइज आणि दुसरा बर्गर.

अशाच एका गल्लीच्या तोंडाशी एक हातगाडी लागते. गाडीवर दोन शेगड्या आणि दोन कढया. डावीकडच्या कढईत चिकनचे तुकडे आणि टिक्क्या तळल्या जातात. उजवीकडच्या कढईत फक्त आलू. उजव्या शेगडीला हिरवा रंग दिलेला आहे आणि तिच्याजवळचा झाराही वेगळा आहे. गाडीवाला पस्तिशीतला. काही वर्षे पुण्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता, २०२०च्या टाळेबंदीत गावी परतला आणि इथेच राहिला.

नोकरीवरून घरी जाणाऱ्या एक काकू नातवासाठी फ्राइज घ्यायला थांबतात. गाडीवर हिरवा रंग दिसतो, झारा वेगळा दिसतो, तरी त्या दर वेळी विचारतात, “कोणती कढई हाय रे बेटा?”

“उजवी, काकू. तुमचीच. आलूबिगर काही पडत नाही तिच्यात.”

या प्रश्नाचा त्याला राग येत नाही. काकू विचारतात म्हणूनच पुन्हा येतात, असे त्याचे म्हणणे.

वर काय टाकू?

फ्राइज कागदी द्रोणात पडल्या की गाडीवाल्याचा ठरलेला प्रश्न येतो, “वर काय टाकू?” आणि तिथे वाशिमकरांचे एकमत संपते. कॉलेजची मुले पेरी-पेरी मसाला मागतात. मुलींच्या घोळक्यातून शेजवान चटणी आणि मेयोनेजची ऑर्डर येते. लहान मुलांना चीज सॉस हवा असतो. चाळिशी ओलांडलेले लोक चाट मसाल्यावर लिंबू पिळून घेतात. त्याहून मोठ्यांना नुसते मीठ आणि लाल तिखट पुरते. एक गृहस्थ तर खिशातून लहान डबी काढून घरची जवसाची चटणी भुरभुरतात आणि शेजारच्या अनोळखी माणसालाही चिमूटभर देतात. ज्याने ती एकदा घेतली, तो दुसऱ्यांदा हात पुढे करतोच.

गाडीवाल्याचे मत विचाराल तर ते कारागिराचे आहे. मीठ आणि कोरडा मसाला फ्राइज कढईतून निघताक्षणी टाकायचा. तेलाचा ओलसरपणा असतो तोवरच तो चिकटतो, नंतर टाकला तर द्रोणाच्या तळाशी जातो. चीज सॉस मात्र खायच्या वेळीच. सॉसमधल्या पाण्याने फ्राइज काही मिनिटांत मऊ पडतात. इफ्तारचे पार्सल असेल तर तो सॉस वेगळ्या डबीत देतो आणि डब्याचे झाकण घट्ट लावू नका, असे बजावतो. कोंडलेली वाफ सॉसइतकेच नुकसान करते.

या पेरी-पेरीची कुळकथा मोठी गमतीची आहे. मिरची मूळची अमेरिका खंडाची. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ती आफ्रिकेत आणि हिंदुस्थानात आणली. पूर्व आफ्रिकेत मिरीला आणि मिरचीला ‘पिलीपिली’ म्हणतात, त्यावरून पेरी-पेरी. पिलीपिलीच्या मागे अरबीतला ‘फिलफिल’ आहे आणि त्याच्याही मागे संस्कृतातली ‘पिप्पली’, म्हणजे आपल्या आयुर्वेदातली पिंपळी. परदेशी म्हणून ज्या मसाल्याला पोरे दहा रुपये जास्त मोजतात, त्याचे नाव असे समुद्र फिरून माहेरी आले आहे.

आलूचेही तसेच. मुंबई-पुण्याकडे बटाटा म्हणतात, तो पोर्तुगीज शब्द. वऱ्हाडात मात्र आलूच, आणि त्याचा आलूबोंडा. संस्कृतात ‘आलुक’ म्हणजे खाण्याजोगा कंद. फारसीतल्या ‘आलू’चा याच्याशी संबंध नाही, ते आलुबुखाऱ्यातले फळ. इराणात बटाट्याला ‘सेब-ए-जमीनी’, म्हणजे जमिनीतले सफरचंद म्हणतात, आणि फ्रेंचांचा ‘पोम द तेर’ हा शब्दही नेमका याच अर्थाचा. फ्राइज फ्रान्सच्या की बेल्जियमच्या, हा वाद त्या दोन देशांत अजून मिटलेला नाही. वाशिममध्ये तो वाद कुणाला ठाऊक नाही आणि त्यावाचून कुणाचे अडतही नाही.

बर्गर म्हणजे महाग वडापाव?

बर्गरबद्दलची मते फ्राइजपेक्षा तिखट आहेत. ‘पावात आलूबोंडा घातला तर वडापाव, तोच चपटा करून घातला की बर्गर, आणि किंमत तिप्पट,’ हे ज्येष्ठांचे मत. त्यात तथ्यही आहे. १९६६मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी पावात वडा घालून विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. त्यानंतर तीस वर्षांनी, ऑक्टोबर १९९६मध्ये मॅकडोनाल्ड्सचे भारतातले पहिले दुकान दिल्लीत वसंत विहारला उघडले आणि पाठोपाठ मुंबईत वांद्र्याला. तोवर महाराष्ट्राला पावात काहीतरी गरम घालून उभ्या उभ्या खाण्याची चांगलीच सवय झालेली होती. कंपनीलाही इथे शहाणपण सुचले. भारतातल्या दुकानांत गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही ठेवले नाही. आलू टिक्कीचा बर्गर काढला. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकघराचे दोन भाग केले आणि मेयोनेजमधून अंडे काढून टाकले.

तरुणांचे म्हणणे वेगळे. वडापाव भूक भागवतो, बर्गर मित्रांबरोबर बसायला निमित्त देतो. पुण्या-नागपूरला शिकायला गेलेली मुले सुटीत घरी येतात तेव्हा तिथल्या चवीची आठवण घेऊन येतात आणि गावातल्या गाडीवर ती शोधतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला. तो आपल्याच जिल्ह्यातून जातो, त्यामुळे ही ये-जा आणखी वाढली आहे.

मुस्लिम घरांतल्या आजींचे मत तिसरेच. एका घरी नातवाने मोठ्या कौतुकाने इफ्तारला चिकन बर्गर आणला. दादीने तो दोन्ही हातांत धरून पाहिला, तोंड उघडून पाहिले, उंची काही जमेना. शेवटी तिने त्याचे मजले उतरवले, मधली टिक्की चाखली आणि निकाल दिला, “अरे, हा तर शामी कबाब. पावात कोंबून चव घालवली बिचाऱ्याची.” मग तिने ती टिक्की कांदा-लिंबासोबत चपातीत गुंडाळून खाल्ली. चण्याची डाळ आणि खिमा एकत्र शिजवून, वाटून केलेला शामी कबाब तिने आयुष्यभर केला आहे. तिच्या निकालावर अपील नाही.

नववा रोजा आणि एकादशी

या सगळ्या मतभेदांत एका गोष्टीवर मात्र गाव एक आहे. आलू सर्वांना चालतो. रोजा सोडताना तो भज्यात असतो, समोशात असतो, आता फ्राइजमध्येही असतो. एकादशीला तो किसाच्या आणि पापडाच्या रूपाने उपवासाच्या ताटात असतो. साबुदाण्याच्या खिचडीलाही तोच लागतो.

फार जणांच्या लक्षात येत नाही, पण प्रत्येक रमजानमध्ये साधारण दोन एकादशा येतात. रमजानचा महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, म्हणून शुद्ध एकादशी नवव्या-दहाव्या रोजाच्या आसपास पडते आणि वद्य एकादशी चोविसाव्या-पंचविसाव्याच्या. २०२५चेच पाहा. २ मार्चला पहिला रोजा होता. १० मार्चला आमलकी एकादशी आली, तो नववा रोजा. २५ मार्चला पापमोचनी एकादशी आली, तो चोविसावा. मग ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ मार्चला ईद. चंद्र एकच असल्यावर हिशेब असा जुळणारच. म्हणजे दर रमजानमध्ये दोन दिवस असे येतात की भिंतीच्या अलीकडचे घर आणि पलीकडचे घर, दोन्ही उपाशी असतात आणि दोन्हीकडे संध्याकाळची वाट पाहिली जाते.

फ्राइज कोर्टात जातात तेव्हा

आलू सर्वांना चालतो, पण कढईत आलू एकटा नसतो. तेल असते. काकूंचा रोजचा प्रश्न तेलाबद्दल आहे आणि तो प्रश्न किती मोठा होऊ शकतो, हे जगाने पाहिलेले आहे.

अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइज अनेक वर्षे गाईच्या चरबीत तळल्या जात. १९९०मध्ये कंपनीने जाहीर केले की यापुढे फक्त वनस्पती तेल वापरले जाईल. तिथल्या शाकाहारी लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. परदेशात राहणाऱ्या भारतीय कुटुंबांत मुले बर्गरच्या दुकानाचा हट्ट धरत, तेव्हा आईबाप निर्धास्तपणे फ्राइज मागवत. दहाएक वर्षांनी उघड झाले की तळण्याचे तेल बदलले होते, पण फ्राइज कारखान्यात तयार होतानाच त्यांना चवीसाठी गोमांसाचा अर्क लावला जात होता. घटकांच्या यादीत त्याचे नाव नुसते ‘नैसर्गिक स्वाद’ असे होते. मे २००१मध्ये सिएटलमध्ये हरीश भारती या वकिलांनी कंपनीवर दावा दाखल केला. त्याचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले आणि ठाण्यातल्या मॅकडोनाल्ड्सच्या दुकानाची मोडतोड झाली. भारतातल्या फ्राइजमध्ये असा अर्क वापरला जात नाही, असे कंपनीने स्पष्ट केले. अमेरिकेतला दावा २००२मध्ये तडजोडीने मिटला. कंपनीने माफी मागितली आणि १ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले.

त्या प्रकरणात दुखावलेले फक्त हिंदू नव्हते. शाकाहारी असलेला कुठल्याही धर्माचा माणूस त्यात होता. हलाल पाहून खाणारा मुसलमान होता, कोशर पाळणारा यहुदी होता. प्रत्येकाचा नियम वेगळा, पण तक्रार एकच. आम्ही विचारले होते आणि तुम्ही पूर्ण सांगितले नाही.

आपल्याकडे पाकिटावर शाकाहाराची हिरवी खूण आणि मांसाहाराची तपकिरी खूण छापावी लागते. रस्त्यावरच्या कढईवर अशी खूण नसते. तिथे माणसाचा शब्द चालतो.

एक शनिवार

गाडीवाल्याने सुरुवात केली तेव्हा त्याच्याकडेही एकच कढई होती. संध्याकाळी कॉलेजच्या चार मित्रांचे टोळके यायचे. तिघे खायचे, चौथा थंड पेयाची बाटली घेऊन बाजूला उभा राहायचा. काही दिवसांनी गाडीवाल्याने विचारले, “तू काऊन खात नाही रे?” मुलगा संकोचला. मग म्हणाला, “भाऊ, तेल एकच हाय ना.” त्याने कधी तक्रार केली नव्हती, मित्रांना दुसरीकडे चला असेही म्हटले नव्हते. नुसता उभा राहायचा.

पुढच्या रमजानला गाडीवर दुसरी कढई आली. हे बोलायला सोपे आहे. दुसरी कढई म्हणजे दुसरी शेगडी, जास्तीचा गॅस, झारा, चाळणी आणि मुख्य म्हणजे दुप्पट तेल. फ्राइजची विक्री कमी झाली त्या दिवशीही कढई भरावी लागतेच.

२०२५च्या रमजानमधला, शेवटच्या दहा रोजांतला एक शनिवार. बाजार तुडुंब भरलेला. इफ्तारला वीस मिनिटे असताना डावी शेगडी बंद पडली. बर्नर साफ केला, नळी पाहिली, पेट घेईना. चिकनच्या पंधरा-वीस ऑर्डरी खोळंबलेल्या. उजवी कढई मात्र धडधडून पेटलेली. गर्दीतून कुणीतरी म्हणाले, “उसी में डाल दे भाई, कौन देख रहा है?”

सांगणारा रोजेदार होता. दिवसभर घशाला कोरड पडलेली, घरी लेकरे वाट पाहत असलेली. त्याचे चुकले असे म्हणणेही कठीण. उजव्या कढईचे गिऱ्हाईक त्या वेळी तिथे कुणी नव्हते. पण बोलून झाल्यावर तो स्वतःच थबकला. दिवसभर माठ घरातच होता, पेला हाताशी होता आणि तेव्हाही कुणी पाहत नव्हते.

गाडीवाल्याने काही उपदेश केला नाही. त्याने गल्ला उघडला आणि ज्यांनी आधी पैसे दिले होते त्यांना ते परत केले. काहींनी त्याऐवजी फ्राइज घेतल्या, काही कुरकुरत समोशाच्या गाडीकडे गेले. मसाला लावून ठेवलेले चिकन त्या रात्री वाया जाऊ नये म्हणून त्याने ते घरी नेऊन तळले आणि शेजारीपाजारी वाटले. त्या दिवसाची कमाई गेली. सोमवारी शेगडी दुरुस्त होऊन आली.

तेलाचा हिशेब

ज्या तेलात हे सगळे तळले जाते, ते बहुतेक वेळा सोयाबीनचे असते, आणि वाशिम जिल्ह्याला सोयाबीनची ओळख करून द्यायला नको. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघते, बाकी मुख्यतः पेंड. म्हणजे पंधरा किलोच्या एका डब्यामागे पाऊण क्विंटलहून जास्त सोयाबीन लागते. २०२५-२६च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. तो हातात पडण्यासाठी शेतकऱ्याला काय करावे लागते, हे रिसोड-मालेगावच्या कोणत्याही बाजारात विचारा. तेल विकत घेणारा गाडीवाला महागाईने हैराण आणि त्याच तेलाचे बी पिकवणारा भावाने हैराण, असे चित्र एकाच जिल्ह्यात दिसते.

तेल महाग म्हणून ते पुन्हा पुन्हा तापवण्याचा मोह होतो. तेच खरे धोक्याचे. वारंवार तापवलेले तेल काळपट पडते, त्याला फेस येतो, लवकर धूर सुटतो आणि त्यात शरीराला अपायकारक घटक वाढत जातात. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८पासून यावर मर्यादा घातली आहे. तेलातले ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. असे तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करण्याची योजनाही आहे. रस्त्यावर मोजमापाचे यंत्र नसते, पण डोळे आणि नाक असते. तेलाचा रंग चहासारखा झाला आणि वास घशाला लागू लागला की गिऱ्हाइकाने गाडी बदललेली बरी.

घरी फ्राइज करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की त्या काळ्या पडतात आणि मऊ राहतात. त्याला कारण आलूच. शीतगृहात फार थंडीत राहिलेल्या आलूतला स्टार्च साखरेत बदलतो आणि ती साखर तळताना जळते. म्हणूनच सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने फ्राइजसाठी ‘कुफरी फ्रायसोना’ आणि चिप्ससाठी ‘कुफरी चिपसोना’ असे वेगळे वाण काढले. ते बाजारात मिळाले नाहीत तरी उपाय सोपा आहे. लांबट, घट्ट आलू घ्यावेत. काप करून पाण्यात भिजवावेत, धुवावेत आणि कापडावर पूर्ण कोरडे करावेत. आधी मध्यम आचेवर रंग न येता शिजतील इतके तळून काढावेत आणि गार झाल्यावर मोठ्या आचेवर पुन्हा तळावेत. सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला मात्र ते खाऊ नयेत. मीठ आणि तळण पोटात घेऊन दिवसभर तहान काढणे सोपे नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी इफ्तारलाही दोन-चार कापांवर समाधान मानावे.

चोविसावा रोजा

शनिवारची गोष्ट गावात फिरायला वेळ लागला नाही. त्यानंतरच्या मंगळवारी पापमोचनी एकादशी होती. गाडीवाल्याला ठाऊक होते की त्या दिवशी काकू काही घेणार नाहीत. उपवासाला त्यांच्या घरी शेंगदाण्याचे तेल आणि सैंधव चालते. बाहेरची कढई, मग ती उजवी का असेना, त्या दिवशी नाहीच.

काकू तरीही आल्या. अजानला पाच मिनिटे होती. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि गाडीवर ठेवला. डब्यात आलूचा कीस होता, जिरे आणि दाण्याचे कूट घातलेला, अजून कोमट.

“रोजा सोडल्यावर खाय. डबा उद्या दे.”

गाडीवाल्याने झाकण उघडून पाहिले, वास घेतला आणि मोठ्या गंभीरपणे विचारले, “कोणती कढई हाय, काकू?”

काकू हसल्या. “घरी एकच हाय रे बेटा,” म्हणाल्या आणि घराकडे वळल्या. मशिदीतून अजान सुरू झाली. त्याने दोन्ही शेगड्या बारीक केल्या, खजुराची बी काढून टाकली आणि डबा जवळ ओढला.